हाड मोडण्याआधीचे आठवडे: शर्यतीच्या घोड्याचं स्कॅनिंग कसं आखावं

शर्यतीत घोड्याचा पाय मोडला की हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "पाऊल वाकडं पडलं." बहुतेक वेळा ते खरं नसतं. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मरण पावलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन केलं जातं. त्यातून वारंवार दिसलेली गोष्ट अशी, की जीवघेणं फ्रॅक्चर झालेल्या बहुसंख्य घोड्यांच्या त्याच हाडात जुन्या बिघाडाची खूण असते: बारीक चीर, पोकळ झालेला पट्टा, नाहीतर दुरुस्तीसाठी चढलेला नव्या हाडाचा थर. पुष्कळदा दुसऱ्या पायातही अगदी त्याच जागी तीच खूण सापडते. हाड मोडतं शर्यतीच्या दिवशी, बिघडत मात्र ते कित्येक आठवडे असतं.

त्या आठवड्यांत बिघाड पकडायची साधनं आज हाताशी आहेत. अडचण साधनांची कमी आणि क्रमाची जास्त आहे. कुठला घोडा, कुठलं मशीन, कधी, आणि उत्तर आल्यावर काय, हे न ठरवता काढलेलं महागडं स्कॅन फाइलमध्ये पडून राहतं. पुढचा क्रम ट्रेनर, मालक आणि घोड्यांच्या वैद्यकात शिरू पाहणाऱ्या पशुवैद्यकांसाठी आहे. गुंगी देणं आणि निदान करणं हे पशुवैद्यकाचंच काम, पण त्याला नेमका प्रश्न विचारणं तबेल्याचं काम आहे.

आधी हाड कसं थकतं ते समजून घ्या

भरधाव धावताना पुढच्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. ५०० किलोचा घोडा धरला तर सव्वा टन, आणि तोही सेकंदाला दोनाहून अधिक वेळा. हाड या भाराशी जुळवून घेतं. ताण जास्त तिथे ते घट्ट आणि जाड होतं. पण ताणाचे फेरे वाढत गेले की सूक्ष्म चिरा पडतात आणि शरीर त्या दुरुस्त करायला घेतं. ही दुरुस्ती रस्त्यावरच्या खड्ड्यासारखी होते: आधी खराब भाग खणून काढायचा, मग भरायचा. खणायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते.

याहून महत्त्वाची गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. जोरदार सराव चालू असताना ही दुरुस्ती दबून राहते, आणि विश्रांती मिळाली की एकदम वेग घेते. त्यामुळे दोन-तीन महिने आराम करून परतलेला, तुकतुकीत दिसणारा घोडा काही हाडांच्या बाबतीत जास्त धोक्यात असू शकतो. दंडाच्या हाडाची ताणामुळे होणारी फ्रॅक्चर अशा परतलेल्या घोड्यांत विशेष दिसतात. "आराम दिलाय, आता काळजी नाही" हा हिशेब म्हणूनच अर्धवट आहे.

धोक्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. अमेरिकेत शर्यतीतल्या जीवघेण्या फ्रॅक्चरपैकी साधारण निम्मी फेटलॉकची असतात. फेटलॉक म्हणजे नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, खालचा, धावताना जमिनीकडे झुकणारा सांधा. त्यात नळीच्या खालच्या टोकाचे गोलसर उंचवटे, म्हणजे कॉन्डाइल, आणि सांध्यामागची दोन छोटी सेसमॉइड हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं. याखेरीज दोन वर्षांच्या शिंगरांत नळीची पुढची बाजू, मोठ्या घोड्यांत पुढचा गुडघा, मागच्या पायाची टिबिया (मांडीखालचं लांब हाड), दंडाचं हाड आणि कटीचं हाड.

पहिली पायरी: चाळण लावा, सगळे घोडे मशीनखाली घालू नका

अमेरिकेतल्या नोंदींनुसार शर्यतीतल्या मृत्यूंचं प्रमाण २००९ मध्ये दर १००० धावांमागे २.०० होतं, २०२३ मध्ये ते १.३२ वर आलं. याचं श्रेय एकट्या स्कॅनिंगला देता येणार नाही. धावपट्टीची देखभाल, औषधांचे नियम, शर्यतीआधीची तपासणी असं बरंच काही त्यामागे आहे. पण या आकड्यातून एक व्यवहाराचा मुद्दा निघतो. समजा तुमच्याकडे ९० टक्के अचूक चाचणी आहे आणि तुम्ही सरसकट १००० घोडे तपासले. जिवावर बेतेल असे त्यात एक-दोन, आणि खोटे इशारे जवळपास १००. इतक्या खोट्या इशाऱ्यांनंतर खऱ्या इशाऱ्याकडेही कुणी लक्ष देत नाही.

म्हणून आधी कागदावर चाळण लावा. तबेल्याच्या नोंदवहीत प्रत्येक घोड्याचं वेगवान सरावाचं अंतर, शर्यती, विश्रांतीचे खंड, सांध्यात दिलेली इंजेक्शनं आणि नाल बदलल्याच्या तारखा हव्यातच. थोड्या काळात खूप वेगवान धावा झालेला घोडा, मोठ्या खंडानंतर परतणारा घोडा, एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेतलेला घोडा आणि नव्याने विकत घेतलेला, इतिहास न कळणारा घोडा, हे चौघे यादीत वर.

मग येतो मोतद्दाराचा हात. रोज सकाळी, काम सुरू होण्याआधी, दोन्ही पायांची उष्णता, फेटलॉकमध्ये साठलेलं पाणी आणि सेसमॉइडवर दाबल्यावरची प्रतिक्रिया पाहणारा अनुभवी मोतद्दार ही माझ्या मते कुठल्याही तबेल्यातली पहिली स्कॅनिंग यंत्रणा आहे. त्याने सांगितलेलं लिहून ठेवा. जॉकीलाही विचारा: वळणावर घोडा पाय बदलत नाही का, एका बाजूला ओढतो का, शेवटच्या टप्प्यात विनाकारण मागे पडतो का?

इथे एक फसवी गोष्ट आहे. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर घोडा लंगडत नाही. डोकं वरखाली होत नाही, फक्त पाऊल आखूड पडतं. दुडकीत सरळ चालणारा घोडा बरा आहे असं धरून चालू नका. अलीकडे खोगिराच्या कापडात बसवलेले सेन्सर भरधाव धावेतली चाल नोंदवतात. त्यांनी धोक्याचा इशारा दिलेला घोडा, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी, स्कॅनच्या यादीत घ्यावा.

दुसरी पायरी: प्रश्न ठरवा, मग मशीन निवडा

दुखतंय कुठे हेच कळत नसेल तर अख्ख्या शरीराचा बोन स्कॅन. शंका फेटलॉकवर किंवा खुरावर केंद्रित असेल तर पेट (किरणोत्सारी पदार्थ देऊन हाडातली घडामोड त्रिमितीत दाखवणारा स्कॅन), एमआरआय किंवा सीटी. टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यावर, असेल तर सोनोग्राफी. आणि या सगळ्यांच्या आधी नीट काढलेला एक्स-रे.

एक इशारा इथेच. दुखण्याची जागा शोधायला नस बधिर करण्याची पद्धत चांगली आहे, पण ताणाच्या फ्रॅक्चरची शंका असेल तेव्हा ती टाळावी. दुखणं थांबलं की घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो, आणि अर्धवट चिरलेलं हाड तिथल्या तिथे दुभंगू शकतं. आधी चित्र, मग सुई.

तिसरी पायरी: साध्या तपासण्या नीट करा

एक्स-रेवर हाडातला बदल दिसायला साधारण ३० ते ४० टक्के खनिज कमी व्हावं लागतं. त्यामुळे सुरुवातीची चीर निसटते. यावर दोन उपाय आहेत. एक, नेहमीच्या चार कोनांवर न थांबता सांधा वाकवून आणि तिरक्या कोनांतून कॉन्डाइलची मागची बाजू दाखवणाऱ्या प्रतिमा घ्याव्यात. दोन, शंका कायम असेल तर घोडा थांबवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. तोवर चिरेच्या कडा झिजून ती रुंद दिसू लागते.

टेंडनसाठी केस कापून, जेल लावून, दोन्ही पायांची सोनोग्राफी करावी. गुडघ्यामागच्या हाडाच्या टोकापासून मोजून ठरावीक अंतरांवर वरवरच्या फ्लेक्सर टेंडनचा आडवा छेद घ्यायचा आणि क्षेत्रफळ लिहायचं. एकाच पायाचं क्षेत्रफळ महिन्यागणिक वाढत असेल तर मध्ये काळी पोकळी दिसायची वाट पाहू नका. सोनोग्राफीचा एक पुढचा प्रकार प्रोब यांत्रिकपणे खाली सरकवत १२ सेंटिमीटर लांबीत ६०० छेद घेतो आणि तंतूंची शिस्त हिरव्या, निळ्या, लाल आणि काळ्या रंगांत दाखवतो. हिरवा म्हणजे सरळ, सलग तंतू. सरावाच्या टप्प्याटप्प्याने ही तपासणी केली की टेंडन भार पेलतो आहे की हळूहळू विस्कटतो आहे, हे सूज येण्याआधी कळू शकतं. कटीच्या हाडातला ताणाचा बिघाडही साध्या सोनोग्राफीत दिसू शकतो, हे पुष्कळांच्या डोक्यातच येत नाही.

चौथी पायरी: बोन स्कॅन

टेक्निशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ हाडात जाणाऱ्या औषधाला जोडून शिरेतून देतात आणि दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याने चित्रं घेतात. जिथे हाडाची घडामोड जोरात, तिथे तो जास्त साठतो. टिबिया, दंड, कटी अशा एक्स-रेला अवघड जागांसाठी अजूनही हाच पहिला पर्याय आहे.

थंडीत खालच्या पायात रक्त कमी पोचतं आणि चित्र फिकं येतं. म्हणून इंजेक्शनआधी घोड्याला थोडं फिरवून पायांना पट्ट्या बांधतात. दुखापत अगदी ताजी असेल तर काही दिवस थांबावं लागतं, कारण हाडाची प्रतिक्रिया सुरू व्हायला वेळ लागतो. या पदार्थाचं अर्धायुष्य ६ तास आहे, त्यामुळे स्कॅननंतर घोडा वेगळ्या थानात ठेवतात आणि त्याच्या मूत्राने भिजलेलं गवत लगेच उपसत नाहीत. दोष एकच, पण मोठा: चित्र सपाट आणि धूसर असतं. फेटलॉक "तापलाय" हे कळतं, त्यातलं कुठलं हाड आणि कुठला कोपरा हे नेमकं कळत नाही.

पाचवी पायरी: पेट, म्हणजे हाडात आत्ता काय चाललंय

कॅलिफोर्नियाच्या सान्ता अनिता रेसकोर्सवर २०१८-१९ च्या हंगामात सुमारे ३० घोडे मेले. त्या हंगामाने सगळ्या रेसिंग जगाला हादरवलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथे उभ्या घोड्याच्या पायाचं चित्र घेणारा पेट स्कॅनर बसला. त्यामागे डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेचं काम होतं. माणसाच्या मेंदूसाठी बनवलेल्या छोट्या स्कॅनरपासून त्यांनी घोड्यांच्या पायांवर प्रयोग सुरू केले होते. आधी घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं करावं लागे, आणि भुलीतून उठताना घोडा पडण्याचा धोका असे. उभ्या घोड्यासाठीच्या स्कॅनरचं कडं उघडतं, पायाभोवती बंद होतं, आणि घोडा बिथरलाच तर सुटून बाहेर येऊ शकतो. हलकी गुंगी पुरते. एका फेटलॉकला काही मिनिटं लागतात.

इथे वापरतात तो सोडियम फ्लोराइडमधला फ्लोरीन-१८. तो खनिज जमा होत असलेल्या हाडात जाऊन बसतो. बोन स्कॅन जी गोष्ट धूसर सांगतो ती पेट त्रिमितीत सांगतो: आतल्या बाजूच्या सेसमॉइडचं वरचं टोक, की बाहेरच्या कॉन्डाइलची मागची बाजू. हा फरक छोटा नाही. कॉन्डाइलच्या मागच्या बाजूचा या पदार्थाचा साठा सरावातल्या पुष्कळ घोड्यांत कमी-जास्त दिसतो. सेसमॉइडमधला ठळक साठा मात्र जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण सेसमॉइड मोडली की सांध्याचा आधारच जातो.

मर्यादा आहे ती पुरवठ्याची. फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या कण-वेगवर्धक यंत्रात बनतं आणि त्याच दिवशी वापरावं लागतं. म्हणून घोडे गटाने बोलवा, सरावाचं वेळापत्रक त्या दिवसाभोवती आखा. सायक्लोट्रॉन जवळपास नसेल तर पेटचा हट्ट सोडून पुढच्या पायरीकडे वळा, त्याने फार बिघडत नाही.

सहावी पायरी: एमआरआय आणि सीटी

उभ्या घोड्याचा एमआरआय २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आला. त्याचं चुंबक कमी ताकदीचं, सुमारे ०.२७ टेस्लाचं आहे. माणसांच्या इस्पितळातलं साधारण १.५ टेस्लाचं असतं. तरी हाडाच्या आतला द्रव, अतिघट्ट झालेला पट्टा आणि अस्थिबंधाची इजा त्यात दिसते. हाडातला द्रव ही फार लवकरची खूण. मात्र वेळ लागतो, आणि घोडा झुलला की चित्र बिघडतं. नाल काढून आधी खुराचा एक्स-रे घ्या. खिळ्याचा एखादा तुकडा आत राहिला तर तेवढ्यावरून चित्रात मोठा काळा डाग पडतो.

सीटी उलट स्वभावाची. काही सेकंदांत पायाचे शेकडो छेद, आणि एक्स-रेवर न दिसणारी केसाएवढी चीर स्पष्ट. पण ती चीर जिवंत आहे की जुनी, भरलेली, हे साधी सीटी सांगत नाही. रचना पाहायची तर सीटी, क्रिया पाहायची तर पेट किंवा एमआरआय. दोन्ही जिथे एकाच जागेकडे बोट दाखवतात, तिथे वाद संपतो.

सीटीच्या सक्तीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कप शर्यतीचं. २०२० च्या शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक या डर्बी जिंकलेल्या घोड्याचा फेटलॉक मोडला आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. २०२१ पासून तिथे परदेशी घोड्यांच्या तपासण्या कडक झाल्या आणि शर्यतीआधी पायांची सीटी सक्तीची झाली. २०२४ मध्ये यान ब्रूखल हा दावेदार घोडा सीटीतल्या निष्कर्षांमुळे वगळला गेला. ट्रेनर एडन ओब्रायन यांना तो निर्णय पटला नाही. जून २०२५ मध्ये त्याच घोड्याने इंग्लंडमधल्या एप्समला कोरोनेशन कप ही शर्यत जिंकली.

आता कोण चुकलं? माझं उत्तर असं, की या विजयावरून ते ठरत नाही. स्कॅन "मोडणार" असं कधीच सांगत नाही, "शक्यता वाढली आहे" एवढंच सांगतं, आणि मधल्या महिन्यांत हाडाला सावरायला वेळही मिळाला. पण हेही खरं, की एकाच स्कॅनवर दिलेला निर्णय नेहमी वादग्रस्त राहणार. त्याच घोड्याची जुनी चित्रं शेजारी असती तर चर्चा सोपी झाली असती. सातवी पायरी त्यासाठीच आहे.

सातवी पायरी: आधारचित्र घ्या आणि पद्धत बदलू नका

घोडा निरोगी आणि हलक्या कामात असताना घेतलेलं चित्र आधारचित्र म्हणून जपून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी त्याच कोनांतून, त्याच अंतरावर, शक्यतो त्याच माणसाकडून. डाव्या-उजव्या पायाची तुलना उपयोगी आहे, पण दोन्हीकडे सारखाच बिघाड असेल तर ती फसवते. काळानुसार होणारा बदल सहसा फसवत नाही.

स्कॅनच्या दिवशी पाय धुऊन पूर्ण वाळवा. चिखल, आयोडीनयुक्त लेप किंवा ब्लिस्टर (कातडी चुरचुरवणारं मलम) कातडीवर राहिला तर एक्स-रेत खोटी सावली येते. गुंगीसाठी डेटोमिडीनसारखं औषध पशुवैद्यक देतील, पण घोड्याच्या डोक्याशी ओळखीचा माणूस असू द्या आणि खोलीत आवाज नको. एक्स-रेची प्लेट हाताने धरू नका, दांड्याचा धारक वापरा. शिशाचा एप्रन आणि किरण मोजणारा बिल्ला सर्वांना, आणि गरोदर कर्मचारी खोलीबाहेर. घोडा उतावळा झाला की घाईत आधी हेच नियम सुटतात.

आठवी पायरी: उत्तर येण्याआधी निर्णय लिहून ठेवा

सगळ्यात अवघड पायरी ही, आणि तिला मशीन लागत नाही. स्कॅन पाठवण्याआधी मालक, ट्रेनर आणि पशुवैद्यक यांनी एका कागदावर लिहावं: असं दिसलं तर थांबवू, असं दिसलं तर काम कमी करू, असं दिसलं तर चालू ठेवू. मोठी शर्यत तीन आठवड्यांवर असताना अहवाल हातात आला की प्रत्येकाला तो आपल्या सोयीने वाचावासा वाटतो.

ढोबळमानाने मी असं मांडेन. सीटीत चीर आणि त्याच जागी पेट किंवा एमआरआयमध्ये सक्रियता दिसली तर वेगवान काम ताबडतोब बंद, त्यावर चर्चा नको. सेसमॉइडमध्ये ठळक साठा, रचना मात्र शाबूत, तरीही थांबवावं. कॉन्डाइलच्या मागे मध्यम साठा, चीर नाही, घोडा मोकळा चालतोय, तर वेगवान अंतर कमी करावं आणि साधारण ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. जुना, भरलेला, न बदललेला डाग असेल तर नोंद करून पुढे जावं. आणि काहीही सापडलं असेल तर त्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन शर्यत गाठायचा विचार मनातून काढून टाकावा. त्याने दुखणं झाकलं जातं, हाड भरत नाही.

नववी पायरी: परतीचा काळ

थांबवलेल्या घोड्याचं काय करायचं, यावर सुरुवातीला सांगितलेली हाडाची रीत लागू होते. आधी थानात विश्रांती, मग हाताने फिरवणं, मग दुडकी, मग हलकी धाव, आणि शेवटी वेग. वेगवान धाव परत आणताना अंतर अगदी थोडं ठेवा आणि ते आठवड्यागणिक वाढवा. हाडाला भाराची सवय पुन्हा लावायला थोडाच पण खरा वेग लागतो. महिनाभर संथ धावून एकदम पूर्ण शर्यतीचा सराव देणं ही अपघाताला दिलेली हाक आहे.

दुसरा स्कॅन पहिल्या वेगवान धावेच्या आधी घ्यावा, नंतर नको. साठा उतरला असेल तर पुढची पायरी, तसाच असेल तर आणखी वेळ. घोडा उड्या मारतोय म्हणून वेळापत्रक पुढे ओढू नका. दुखणं थांबणं आणि हाड भरणं या दोन वेगळ्या तारखा असतात, आणि त्यांच्यात महिन्यांचं अंतर असू शकतं.

शेवटी फाइलबद्दल. शर्यतीचा घोडा तबेले बदलतो, मालक बदलतो, कधी देशही बदलतो, आणि त्याची चित्रं मागे राहतात. विकत घेताना फक्त लेखी अहवालावर समाधान मानू नका. मूळ डिजिटल प्रतिमा, तारखा आणि सांध्यातल्या इंजेक्शनांची यादी मागा. विकतानाही ती द्या. एका पशुवैद्यकाने "किरकोळ" म्हणून सोडलेली रेघ, सहा महिन्यांपूर्वीच्या चित्राशेजारी ठेवल्यावर, दुसऱ्याला वाढलेली दिसू शकते.